इतर शक्यता

रात्रीचे अकरा वाजलेत, लाइट गेलेत, सोसायटीच्या गच्चीवर सगळे चटया टाकून बसलेत आणि कोणीतरी आवाज खाली आणून सुरुवात करतं, ‘आमच्या आजोळी वाड्यामागे एक पिंपळ होता. त्या पिंपळावर...’ नेमका त्याच वेळी अंधारातून प्रश्न येतो, ‘पिंपळ वाड्यापासून किती फुटांवर?’ हे आमचे अण्णा.

भुताच्या गोष्टीचं खरं नुकसान नास्तिक करत नाही. तो नुसता हसतो आणि त्याच्या हसण्याने गोष्टीला उलट रंगच चढतो. सांगणारा म्हणतो, ‘हसा, हसा, माझे काकाही असेच हसायचे.’ अण्णा हसत नाहीत. त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असतं. मुंजा दिसला ती तिथी कोणती, बघणाऱ्याने चष्मा लावला होता का, रात्रीचं जेवण किती वाजता झालं, जेवणात काय होतं. चौथ्या-पाचव्या प्रश्नापर्यंत मुंजाचे पाय लटपटू लागतात आणि ज्याची गोष्ट असते तो चटई गुंडाळून खाली निघून जातो. अण्णा मागून हाक मारतात, ‘अहो, खोटं कुठे म्हणतोय मी? पुढचं सांगा ना!’ त्या हाकेत खरी कळकळ असते, पण ती कोणाला ऐकू जात नाही.

असा माणूस बहुतेक घराण्यांत एखादा तरी असतो. कोणाचा मामा असतो, कोणाचे थोरले दीर, कोणाचा इंजिनिअर जावई. आमचे अण्णा ठाण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, सहा इंची पट्टी आणि एक बारकी टॉर्च. बगलेत दोनशेपानी वही. वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं. शेवटचा रकाना ‘इतर शक्यता’. बाकीचे सगळे रकाने मिळून डावं पान आणि इतर शक्यतांना उजवं अख्खं पान, अशी वाटणी. त्या पानावर काय नसतं? मांजर, वारा, उंदीर, पाण्याचा पंप, अर्धवट झोप, पित्त, वरच्या मजल्यावरचं पोर. सांगणाऱ्याने घेतली असल्याचा संशय असेल, तर अण्णा सभ्यपणे ‘पेयपान?’ असं लिहितात. प्रश्नचिन्ह कधी चुकत नाही.

त्यांची ठरलेली वाक्यं तीन. ‘तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?’ हे पहिलं. ‘अटी आधी, निकाल नंतर’ हे दुसरं. तिसऱ्याने लोक सर्वांत जास्त चिडतात: ‘माहीत नाही.’

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो गुरुवार. शाळेतले निम्मे शिक्षक देवळाकडे पळाले, निम्मे स्टाफरूममध्ये बसून टिंगल करत होते. अण्णांनी अर्धी रजा टाकली, घरी जाऊन आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले आणि दुधाची वाटी घेऊन रांगेत उभे राहिले. टिंगल करणाऱ्यांना ते म्हणाले, ‘न बघताच कसं ठरवलंत?’ रांगेत भाविकांशी त्यांचं छान जमलं. मग नंबर आला, अण्णांनी चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच गेलं. ‘बघितलंत ना, मास्तर?’ पुजारी म्हणाला. ‘बघितलं,’ अण्णा म्हणाले. ‘आता थोडं कुंकू घालून बघू?’ कुंकू घातलेलं दूध सोंडेवरून, पोटावरून, पायापर्यंत लाल रेघ काढत उतरलं. पृष्ठताणाने चमच्यातलं दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं. एरवी पांढऱ्या ओल्या दगडावर ते दिसत नाही. मागच्या रांगेतून ‘बाजूला व्हा’चा गलका झाला. संध्याकाळी घरी त्यांनी बायकोचा, म्हणजे माईंचा, पितळी अडकित्ता घेतला आणि त्यालाही दूध पाजलं. अडकित्ता अर्धी वाटी प्यायला. माईंनी तो घासून-पुसून पानदानात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘दुधाचा भाव काय झालाय, हेही लिहा वहीत.’

पण त्या रात्री अण्णा गप्प गप्प होते. टिंगल करणारे शिक्षक दुसऱ्या दिवशी पेढे मागायला आले तेव्हा अण्णा त्यांच्यावर खेकसलेच. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की या माणसाला दूध खरंच पोटात गेलेलं हवं होतं.

कोकणात अण्णांचं गाव आहे आणि तिथे देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनीचे वाद, मुंबईला जावं की नाही, सगळं या पाकळ्यांवर ठरलेलं. अण्णा एका मे महिन्यात गुरवाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, ‘एकच प्रश्न शंभर वेळा विचारायचा. पाकळ्या लावणाऱ्याला प्रश्न माहीत नसावा. देवळाची दारं बंद, म्हणजे वारा नको.’ गुरव वयाने मोठा, शांत माणूस. त्याने पानाचा विडा गालात सारला आणि म्हणाला, ‘मास्तरानू, देवाक एकदाच इचारूचा. परत परत इचारलात तर देव रागावतलो.’

यावर एखादा तापट विवेकवादी म्हणाला असता, बघा, पळवाट! अण्णा मात्र देवळाच्या पायरीवर बसून राहिले. घरी येताना मला म्हणाले, ‘गुरवाचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही हं. विज्ञान चालतं, कारण गुरुत्वाकर्षण रागावत नाही. हजारदा दगड सोडा, हजारदा खाली येईल, कंटाळणार नाही. आता समोरच्याला मनच असेल, आणि परीक्षा घेतलेली आवडत नसेल, तर आपल्या हातात काय राहिलं?’ मला वाटलं, अण्णा हरले. तेवढ्यात ते थांबले. ‘पण मुलंसुद्धा लहरीच असतात. तरी मी वर्गात हजेरी घ्यायचोच ना? कोण कधी दांडी मारतो ते महिन्याभरात कळायचं. लहरीलाही काहीतरी ठेवण असते. आणि देव रागावतो, हेही निरीक्षणच झालं. किती वेळा विचारल्यावर रागावतो, ते मोजता येईल.’ मी त्यांना परत देवळाकडे वळू दिलं नाही.

अण्णांचे मेहुणे ज्योतिष बघतात. दिवाळीत दोघे समोरासमोर आले की माई आधीच चकल्यांचा डबा मध्ये ठेवतात, म्हणजे तोंडं भरलेली राहतात. अण्णांचं हुकमी पान २००८चं. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिष्यांची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यांतल्या १०२ जमल्या. ‘नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते,’ अण्णा म्हणतात. मेहुणे चकली मोडत म्हणतात, ‘बुद्धी कुंडलीत अशी थेट दिसत नसते.’ ‘मग हे चाचणीत उतरण्याआधी का नाही सांगितलं? अटी आधी, निकाल नंतर!’ दरवर्षी हेच. पण गंमत अशी की आमच्यातला एक उत्साही पुतण्या ‘४६ टक्के! पार झोपवलं!’ म्हणून टाळी द्यायला गेला तर अण्णांनी हात मागे घेतला. ‘९० टक्के आले असते तर? तर तू मानलं असतंस?’ पुतण्या म्हणाला, ‘तर त्यांनी कॉपी केली असणार.’ अण्णा म्हणाले, ‘मग तू चाचणी बघतच नव्हतास. तू मॅच बघत होतास.’

हे मला अण्णांमधलं सर्वांत अवघड वाटतं. त्यांचा शत्रुपक्ष कुठला, तेच कळत नाही. श्रद्धाळूंना ते आगाऊ वाटतात आणि विवेकवाद्यांना कुंपणावरचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अनिस) नरेंद्र दाभोलकरांची भाषणं त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकली; २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांचा खून झाला, त्या सकाळी अण्णा वही न उघडता नुसते बाल्कनीत बसून होते. पण अनिसच्या एखाद्या पोराने ‘चमत्कार असूच शकत नाहीत’ म्हटलं की तिथेही अण्णांचा हात वर. ‘असू शकत नाहीत, हे कसं सिद्ध केलंस?’ आव्हानं त्यांना तोंडपाठ: अब्राहम कोवूर यांनी १९६३मध्ये श्रीलंकेत लावलेलं लाखाचं बक्षीस, अमेरिकेत जेम्स रँडी यांचं दहा लाख डॉलरचं, जे २०१५मध्ये बंद झालं तोवर कोणीही नेलं नाही. त्यावर अण्णांचा शेरा: ‘न नेणं हा पुरावा आहे. पण तो जे आले त्यांच्यापुरता. जे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल मला माहीत नाही.’ या ‘माहीत नाही’वर एकदा व्याख्यानमालेतली अर्धी खोली उठून गेली होती.

आकाशातून दगड पडतात, ही त्यांची आवडती कहाणी. अठराव्या शतकात पॅरिसच्या विद्वानांना हा खेडवळांचा भ्रम वाटायचा. वर दगडच नाहीत, तर पडतील कुठून? मग २६ एप्रिल १८०३ला फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला, तीन हजारांच्या आसपास. सरकारने बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. ‘आणि त्याने काय केलं असेल?’ इथे अण्णांचा स्वर हळवा होतो. ‘गावोगाव चालत गेला आणि लोकांना विचारलं. कोणी पाहिलं, कोणी ऐकलं. एकमेकांना न ओळखणारे लोक तेच सांगतात का, ते बघितलं. त्या मुलखात तसला दगड कुठे सापडतो का, तेही बघितलं. रकाने रे, रकाने!’

लोणारला सहल गेली होती, तेव्हा विवराच्या काठावर गाइड लवणासुराची गोष्ट सांगत होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला बिळातून काढून कसं मारलं ती. अण्णांनी ती शेवटपर्यंत, एकही प्रश्न न विचारता ऐकली. आम्ही चकित. मग म्हणाले, ‘हा पावणेदोन-दोन किलोमीटरचा खड्डा बरीच वर्षं भूशास्त्रज्ञांना ज्वालामुखीचा वाटत होता. आघाताने खनिजांची काच झालीय, हे १९७३मध्ये दाखवलं तेव्हा पक्कं झालं की वरून काहीतरी आदळलं. आता कोणाला त्यात चमत्कार दिसतो का? शाळेच्या पुस्तकात धडा आहे.’

तिथेच, शेंगदाणे खाताना, मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं. ‘अण्णा, समजा भूत आलंच. रोज रात्री बाराला. तीन साक्षीदार, तिघांच्या नोंदी स्वतंत्र. थर्मामीटर दर वेळी चार अंश उतरतो. मांजर, पंप, पित्त, सगळं तपासून झालं. मग मानाल?’

‘मानेन की.’

‘भूत आहे म्हणून?’

‘चार अंश उतरतो म्हणून. मग बघायचं किती लांबवर उतरतो, भिंतीपलीकडे उतरतो का. पाच वर्षांत त्याचं सूत्र निघेल. दहा वर्षांत बारावीला येईल.’

‘म्हणजे भूत परीक्षेत पास झालं की ते भूत राहणार नाही, आणि नापास झालं तर नव्हतंच! अण्णा, त्या बिचाऱ्याला तुमच्याकडे न्याय आहे कुठे?’

अण्णा बराच वेळ शेंगदाण्याची फोलपटं फुंकत राहिले. मग म्हणाले, ‘अलौकिक आहे की नाही, हा रकाना माझ्या वहीत नाहीच. घडलं की नाही घडलं, एवढंच मला विचारता येतं. फ्रान्समध्ये लूर्दच्या तीर्थक्षेत्री डॉक्टर तेच करतात बघ. बरा झालेला रोगी येतो, डॉक्टर कागद तपासतात आणि म्हणतात, आजच्या वैद्यकाला याचं कारण सांगता येत नाही. एवढं बोलून ते घरी जातात. चमत्कार म्हणायचं की नाही, ते बिशपने ठरवायचं. सात हजारांहून जास्त प्रकरणं आली, २०१८पर्यंत ७० मान्य झाली.’

‘आणि तुम्ही डॉक्टर की बिशप?’

‘मी दारावरचा शिपाई. येणाऱ्याची नोंद करतो.’

तरी शिपायाने कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखं का वागावं? चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये रात्री कोणीतरी येरझारा घालतं अशी आवई उठली, तेव्हा सोसायटीची कमिटी वास्तुशांत करायची की वॉचमन बदलायचा यावर भांडत बसली. अण्णा सतरंजी, थर्मास आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन तिथे झोपायला गेले. पेल्याचं कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं: इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनिअरला रात्री प्रयोगशाळेत घाम फुटायचा, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं पकडीत आवळलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. खोलीत नवा पंखा बसवला होता. त्याची सेकंदाला १९ कंपनांची लाट, कानाला ऐकू न येणारी, खोलीभर भरून राहिली होती. पंख्याची बैठक बदलली, भूत गेलं. १९९८मध्ये टँडीने ते लिहिलं. ‘अर्थात ही एका खोलीतली हकीकत,’ असं म्हणून अण्णांनी त्यालाही वहीत ‘बहुधा’ लावलेलं आहे.

सकाळी आम्ही सगळे जिन्यात जमलो. अण्णा बाहेर आले, डोळे तांबारलेले. ‘मग? काय निघालं?’ ‘दोन वाजून दहा मिनिटांनी पाणी हललं. त्याच वेळी खालचा पंप सुरू झाला.’ लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. ‘पावणेचारला पुन्हा हललं. तेव्हा पंप बंद होता.’ लोकांनी श्वास परत घेतला. ‘मग ते काय होतं, अण्णा?’ अण्णा म्हणाले, ‘माहीत नाही.’ सेक्रेटरी एवढे वैतागले की म्हणाले, ‘अहो, कशाला तरी हो म्हणा! सर्क्युलर काय काढू?’ नोटीसबोर्डावर शेवटी ‘पंप दुरुस्तीचं काम सुरू आहे’ एवढंच लागलं. वास्तुशांतही झाली. शिऱ्याला अण्णा सर्वांत आधी हजर होते.

माई रोज संध्याकाळी दिवा लावतात, शनिवारी मारुतीला जातात आणि अण्णांशी वाद घालत नाहीत. त्यांच्याकडे त्याहून धारदार उपाय आहेत. अमेरिकेत बायपास झालेल्या सुमारे १८०० रोग्यांवर प्रार्थनेचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २००६मध्ये आला. प्रार्थना होईल किंवा होणार नाही असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ती झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रोग्यांना काही ना काही त्रास झाला. मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय’ असं ज्यांना कळवलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना झाला! अण्णांनी हे माईंना मोठ्या चवीने वाचून दाखवलं होतं. पुढे अण्णांचीच बायपास ठरली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माई कॉटशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘मी जप करणार आहे की नाही, ते तुम्हाला सांगणार नाही. तुमच्याच भल्यासाठी.’ भूल द्यायला नेताना अण्णा स्ट्रेचरवरून सांगत होते, ‘हे सिंगल ब्लाइंड झालं गं! तुला माहीत आहे, म्हणजे डबल नाही!’ ते बरे होऊन आले. माईंनी जप केला होता की नाही, ते आजतागायत कळलेलं नाही. त्या वर्षीच्या वहीत एक रकाना रिकामा आहे आणि अण्णा तिथे पेन नेऊन परत आणतात.

बायपासनंतर त्यांनी नवं काढलं. जादूगार हुदिनी १९२६मध्ये गेला. मेल्यावर बोलता आलंच तर ओळख पटावी म्हणून त्याने बायकोशी एक गुप्त संदेश ठरवून ठेवला होता. बायकोने दहा वर्षं वाट पाहिली आणि १९३६मध्ये नाद सोडला. अण्णांनी तसाच एक आकडा लिहून, लाख लावून पाकीट कपाटात ठेवलं. ‘मी गेल्यावर कोणी मांत्रिक, प्लँचेटवाला माझ्या नावाने बोलायला लागला तर हा आकडा विचारायचा. जमला तर पाकीट फोडायचं. नाही जमला तर त्याला चहा देऊन वाटेला लावायचं.’

‘आपल्या जुन्या फोनचा नंबर लिहिलाय ना?’ माईंनी भाजी निवडतानाच विचारलं.

अण्णांचा चेहरा पडला. प्रयोग बाटला. त्यांनी उठून नवं पाकीट केलं, नवा आकडा घातला, या खेपेला फासे टाकून.

‘जिवंतपणी एक निरोप वेळेवर दिला नाहीत,’ माई म्हणाल्या. ‘तिकडून काय देणार आहात!’

‘मग तू आधी गेलीस तर? तूही एक आकडा ठरवून ठेव.’

‘मी आकडे-बिकडे सांगायची नाही. गॅस बंद केलात का, एवढंच विचारीन.’

अण्णांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. ‘ते ग्राह्य धरता येणार नाही. तू रोज तेच विचारतेस. तो आवाज माझ्या सवयीतून आलेला असू शकतो.’

‘मग राहू दे गॅस चालू,’ माई म्हणाल्या.